पाचारण आणि परिश्रम: विल्यम केरीचे मराठी कार्य

देवनागरी आणि मोडी खिळ्यांनी छापलेल्या मराठीचा प्रारंभिक इतिहास पाहू गेल्यास अभ्यासकाला प्रथम महाराष्ट्राच्या सीमेबाहेर जावे लागते. दक्षिणेस तंजावर येथे सरफोजीराजांच्या आश्रयाने, आणि पूर्वेस हुगळीच्या काठी, बंगालमधील श्रीरामपूर येथे, परकीय धर्मोपदेशकांच्या उद्योगाने मराठी अक्षर छापखान्यात आले. ह्या दोहोंपैकी श्रीरामपूरचा उद्योग अधिक मोठा, अधिक दीर्घकाळ चाललेला आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, अधिक चमत्कारिक होता. १८०५ मध्ये तेथे मराठीचे व्याकरण निघाले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८११ मध्ये मराठी ‘नवा करार’ पुरा छापून झाला, आणि पुढे कथा-चरित्रांची गद्य पुस्तके निघाली. ह्या सर्वांच्या मुळाशी असलेल्या विल्यम केरीने महाराष्ट्राची भूमी मात्र एकदाही पाहिली नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत केरीच्या वाट्यास साधारणतः एखादा परिच्छेद येतो. त्यात एक तर परकीयाने केलेल्या भाषासेवेचे कौतुक असते, नाही तर सेवेमागील धर्मप्रसाराच्या हेतूकडे बोट दाखविलेले असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु दोहोंमुळे मुख्य प्रश्न बाजूला राहतो. ज्या माणसाला आपल्या बुद्धीविषयी फारसा अभिमान नव्हता, ज्याने पुतण्यापाशी आपल्या चरित्रकाराने आपल्याला नेटाने रखडत चालण्याचा गुण तेवढा द्यावा, अधिक काही देऊ नये, अशा अर्थाचे उद्गार काढले, त्याच्या ह्या नेटाचे स्वरूप काय होते? आणि त्या नेटाने त्याच्या ग्रंथांना जे बळ दिले, त्यासमवेत काही वैगुण्यही दिले की काय?

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने ‘पाचारण’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने रूढ केला आहे. बोलावणे हा त्याचा मूळ अर्थ; ईश्वराने माणसाला त्याच्या विहित कार्यासाठी घातलेली साद, हा त्याचा ख्रिस्ती अर्थ. मध्ययुगीन युरोपात असे पाचारण मठवासी संन्याशाला किंवा धर्मगुरूला होते, शेतकऱ्याला किंवा सुताराला होत नाही, अशी समजूत होती. मार्टिन लूथरने आपल्या जर्मन बायबलात ‘बेरूफ’ हा पाचारणवाचक शब्द सामान्य उद्योग-व्यवसायालाही लावला, आणि तेव्हापासून प्रॉटेस्टंट जगात जोडे शिवणे हेही ईश्वराने नेमून दिलेले काम ठरू शकले. माक्स वेबर ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ह्याच धाग्यावरून आधुनिक भांडवलशाही वृत्तीपर्यंत वाट काढली. वेबरची उपपत्ती सर्वांना मान्य झाली नाही; परंतु उद्योग हीच उपासना मानणारी एक कठोर मनोवृत्ती त्या पंथांत निर्माण झाली होती, हे नाकारता येत नाही. भारतीय वाचकाला येथे स्वधर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि स्वधर्म जन्माने प्राप्त होतो आणि पाचारण ऐकावे लागते. ते ऐकणाऱ्याला कधी कधी जन्माचा व्यवसाय सोडून उठावे लागते. केरीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दम्प्टनशरमधील पॉलर्सपरी ह्या खेड्यात त्याचा जन्म झाला. बाप आधी विणकर, मग गावचा शाळामास्तर. मुलाला पिडिंग्टन येथे एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दुकानातील एका जुन्या भाष्यग्रंथात त्याला ग्रीक शब्द दिसले आणि ते वाचता येत नाहीत ह्या अस्वस्थतेतून त्याचे भाषाध्ययन सुरू झाले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच ह्या भाषा त्याने विद्यापीठाची पायरी न चढता, बहुधा कातडे कापता कापता आत्मसात केल्या. पुढे तो बाप्टिस्ट पंथात गेला, मोल्टन येथे मुले शिकवू लागला, धर्मोपदेश करू लागला. चरितार्थासाठी आरी आणि दोरा मात्र बरीच वर्षे सुटला नाही.

त्याच्या पंथात त्या काळी एक वाद माजला होता, आणि केरीच्या साऱ्या पुढील आयुष्याची किल्ली त्या वादात आहे. मानवाचे तारण सर्वस्वी ईश्वराच्या संकल्पावर अवलंबून आहे, हे कॅल्व्हिनचे तत्त्व. त्याचा अतिरेक करणारे म्हणत, की ईश्वराला दूरदेशीच्या लोकांना आपल्याकडे आणावयाचे असेल तर तो स्वतः आणील, त्यासाठी माणसाच्या खटपटीची त्याला गरज नाही. ॲण्ड्र्यू फुलर आदी काही मंडळींनी ह्या मताला विरोध चालविला होता. केरीने १७९२ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे लांबलचक नावच सांगते की परधर्मीयांच्या परिवर्तनासाठी ‘साधने’ वापरण्याचे ख्रिस्ती माणसावर कर्तव्य आहे की नाही, ह्याची ही चौकशी आहे. ‘साधने’ हा त्यातील कळीचा शब्द. पुस्तकाचा बराचसा भाग जगातील देशांचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि धर्म सांगणाऱ्या कोष्टकांनी व्यापलेला आहे. भक्तिपर वाङ्मयात कोष्टके घालणारा हा मनुष्य पुढे व्याकरणे आणि कोश लिहील, ह्यात नवल काय! ईश्वरी कृपेचा सिद्धान्त न सोडता मानवी यत्नाला त्याने जागा करून दिली. यत्न हेच कृपेचे वाहन, असे त्याचे मत झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे त्याच्या मित्रांनी मिशनरी संस्था स्थापिली, तेव्हा जमलेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग आणि सहा पेन्स होती.

१३ जून १७९३ रोजी केरी एका डॅनिश जहाजाने निघाला आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीला तिच्या प्रदेशात मिशनरी नको होते. त्यामुळे १७९४ पासून सुमारे पाच वर्षे त्याने उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून काम केले. उरलेल्या वेळात बंगाली शिकावी, संस्कृत शिकावी, ‘नव्या करारा’चे भाषांतर करावे, खेड्यापाड्यांत उपदेश करावा, असा क्रम होता. ह्या उपदेशाचे प्रत्यक्ष फळ म्हणाल तर शून्य. भारतात पाऊल टाकल्यापासून सात वर्षे एकाही बंगाली माणसाने त्याचा धर्म स्वीकारला नाही. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात, आणि तोही श्रीरामपूरला. उदनी नावाच्या हितचिंतकाने दिलेला लाकडी छापयंत्राचा सांगाडा मदनाबाटीला आला, तेव्हा त्यावर साहेबाचा चाललेला जीव पाहून गावकऱ्यांनी त्याला साहेबाचा देव म्हटले, अशी हकीकत आहे. गावकऱ्यांच्या ह्या बोलण्यात विनोद होता की निरीक्षण, हे ठरविणे कठीण आहे.

ह्या वर्षांची दुसरी बाजू केरीचे भाविक चरित्रकार घाईने उरकतात. १७८१ मध्ये त्याने डॉरथी प्लॅकेट हिच्याशी विवाह केला, तेव्हा तिने विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली काढली होती. तिला लिहिता येत नव्हते. गाव कधी न सोडलेल्या त्या बाईने हिंदुस्थानात येण्यास प्रथम साफ नकार दिला. मागाहून, कडेवर काही आठवड्यांचे मूल असताना, बहिणीला सोबत घेण्याच्या अटीवर ती निघाली. मदनाबाटीला १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. त्याचे प्रेत उचलण्यास आणि खड्डा खणण्यासही माणसे मिळेनात. ह्या आघातानंतर डॉरथीचे मन ढळले ते पुन्हा सावरले नाही. १८०७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत सुमारे बारा वर्षे ती बहुतांशी बंद खोलीत राहिली, आणि शेजारच्या खोलीत तिचा नवरा भाषांतरे करीत राहिला. पाचारण त्याला झाले होते, तिला नाही. एका माणसाने ऐकलेल्या हाकेचे मोल दुसऱ्याने चुकते करावे, हा प्रकार आपल्या संतचरित्रांतही अपरिचित नाही. मात्र तेथे निदान त्या गृहिणींच्या वतीने कोणी ना कोणी बोलले आहे. डॉरथीच्या वतीने बोलणारा अभ्यासक मिळण्यास विसावे शतक बरेच सरावे लागले.

१८०० च्या जानेवारीत केरी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला आला. कंपनीचा अंमल तेथे नव्हता. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक त्याला येऊन मिळाले. तिघांनी आपापली मिळकत एका सामाईक निधीत टाकून संसार एकत्र चालविला. १८०१ च्या फेब्रुवारीत बंगाली ‘नवा करार’ छापून झाला, आणि त्याच वर्षी गव्हर्नर-जनरल वेलस्लीने स्थापिलेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात केरीची बंगालीचा व संस्कृतचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पगार दरमहा ५०० रुपये, पुढे प्राध्यापक झाल्यावर १,०००. ह्यातील बहुतेक रक्कम श्रीरामपूरच्या निधीत जात असे. ज्या कंपनीने त्याला मिशनरी म्हणून आपल्या हद्दीत उभे करून घेतले नाही, तिच्याच पगारावर मिशनचा छापखाना चालला, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी फारशी बोलून दाखविली नाही.

१८०६ च्या जून महिन्यात लिहिलेल्या एका पत्रात केरीने आपला एक दिवस नोंदवून ठेवला आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू बायबलातील अध्याय आणि प्रार्थना. मग बंगाली नोकरांसह उपासना. चहा येईपर्यंत मुनशीपाशी फार्सी. न्याहारीनंतर पंडितासह रामायणाचे इंग्रजी भाषांतर. दहा ते दीड-दोन महाविद्यालय. घरी आल्यावर बंगाली यिर्मयाची मुद्रिते. जेवणानंतर महाविद्यालयाच्या मुख्य पंडितासह मत्तयाचे संस्कृत भाषांतर. संध्याकाळी सहाला तेलुगू पंडित. साडेसातला इंग्रजी प्रवचन. नऊला बंगाली यहेज्केल. अकरानंतर पत्रलेखन, आणि निजण्यापूर्वी ग्रीक ‘करारा’तील एक अध्याय. ह्या वेळापत्रकात प्रौढी नाही, हे त्याच्या कोरड्या सुरावरून कळते. उशिरा पत्र लिहिल्याबद्दल त्याने दिलेली ही सबब आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सूर्योदयापासून मध्यरात्रीपर्यंत एकाच माणसाच्या हाताखालून अर्धा डझन भाषा जात आहेत, आणि प्रत्येकीच्या वाट्याला घटका-दोन घटका येत आहेत.

ह्या रांगेत मराठी आली ती राजकारणाच्या ओघाने. १८०३ च्या युद्धानंतर शिंदे आणि भोसले ह्यांच्याशी तह झाले, कटक इंग्रजांकडे गेले, मराठी दरबारांशी दैनंदिन व्यवहार वाढला, आणि तरुण अधिकाऱ्यांना मराठी येणे आवश्यक झाले. केरीकडे मराठीचेही अध्यापन आले. शिकविण्यासाठी पुस्तक हवे, पुस्तक नव्हते, म्हणून ते लिहावयाचे, हा त्याचा सरळ हिशेब. त्याच्या मदतीला नागपूरकडील वैजनाथ पंडित होते. फोर्ट विल्यममधील मराठीचे मुख्य पंडित म्हणून केरीने त्यांच्या साहाय्याची कृतज्ञतेने नोंद केली आहे. १८०५ चे व्याकरण ह्या सहकार्यातून झाले. त्याला जोडलेल्या नित्याच्या व्यवहारातील संवादांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. बंगालीत केरीने १८०१ मध्येच असे संवाद छापले होते, आणि त्यांत निरनिराळ्या थरांतील माणसांची बोली आली होती. व्याकरण हे संस्कृतचे, नाही तर काव्याचे, अशी ज्या काळी सार्वत्रिक समजूत होती, त्या काळी बाजारात, घरात, शेतावर बोलल्या जाणाऱ्या भाषेला नियम असतात आणि ती छापण्यायोग्य असते, हे ह्या पुस्तकांनी गृहीत धरले. जोडे शिवण्यापासून जीवन सुरू करणाऱ्याला अशा भाषेचा संकोच वाटला नाही, असे अनुमान केल्यास ते फारसे चुकणार नाही.

१८१० च्या कोशात मराठी शब्द मोडीत छापले आहेत. मोडीचे खिळे पाडणे हा मूळचाच अवघड मामला होता. शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली लेखणी न उचलता लिहावयाची, एका अक्षराने दुसऱ्यात शिरावयाचे, अशी ती लिपी. तिची अक्षरे सुटी करून शिशात ओतणे म्हणजे वाहत्या पाण्याचे तुकडे करण्यासारखे आहे. तरीही श्रीरामपूरने ते केले, कारण दरबारात, पेढीवर आणि पत्रव्यवहारात चालणारी लिपी हीच होती, आणि केरीला पोथीवाचकापेक्षा व्यवहारी वाचक हवा होता. इतिहासाने मात्र त्याच्या विरुद्ध निकाल दिला. मुंबईच्या सरकारी आणि मिशनरी छापखान्यांनी बाळबोध उचलून धरली, आणि मराठीचे मुद्रण मुख्यतः तिच्याच मार्गाने वाढले. श्रीरामपूरची मोडी पुस्तके आज लिपितज्ज्ञांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिली आहेत.

बायबलच्या मराठी भाषांतराचे दैव ह्याहून कठीण ठरले. श्रीरामपूरची पद्धत अशी होती, की केरीने बंगाली आणि संस्कृत भाषांतरे मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः सिद्ध करावयाची, आणि इतर भाषांच्या पंडितांनी ती समोर ठेवून आपापल्या भाषेत मजकूर उतरवावयाचा. नंतर केरीने तो ओळ न् ओळ तपासावयाचा. उत्तरेकडील भाषा बहुतांशी संस्कृतोद्भव आहेत, शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणात समान आहे, भेद प्रत्ययांचा आहे. एक नीट आली की दुसरी अल्प श्रमाने साधते, असा त्याचा विश्वास होता. ह्या विश्वासामुळे सुमारे चाळीस भाषा-बोलींत बायबलचे कमीअधिक भाग निघाले. संपूर्ण बायबल सहा भाषांत झाले, त्यांत मराठी एक. १८१८ च्या सुमारास कोकणीतही ‘नवा करार’ निघाला. पण भाषा म्हणजे शब्दसंग्रह अधिक प्रत्यय नव्हे. क्रियापदाची लकब, वाक्याचा तोल, कोणत्या शब्दाला कोणत्या घरात मान आहे आणि कोणत्या घरात तो हसण्यावारी जातो, ह्या गोष्टी कलकत्त्यात बसून, एका प्रांतातून आलेल्या एखाद-दोघा पंडितांच्या आधारे कळत नाहीत. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या गॉर्डन हॉल आदी अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरचे मराठी भाषांतर लोकांपुढे ठेवण्याजोगे वाटले नाही. त्यांनी रस्त्यांवर, देवळांच्या आवारात, बाजारात मराठी ऐकत ते नव्याने हाती घेतले आणि १८२६ मध्ये आपला ‘नवा करार’ मुंबईत छापला. हॉल त्याच वर्षी निवर्तला. केरीने ज्यासाठी मराठी शिकली, ते काम अशा रीतीने त्याच्या हयातीतच दुसऱ्यांनी बाजूस सारले.

येथे दोन शतके मागे जाऊन गोव्याकडे पाहण्याचा मोह आवरत नाही. टॉमस स्टीफन्स हा दुसरा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मरण पावला. त्यानेही चाळीस वर्षेच भारतात काढली. त्याने त्या काळात मुख्यतः साष्टीच्या खेड्यांत राहून, तेथील लोकांची भाषा आणि पुराणश्रवणाची गोडी ओळखून, १६१६ मध्ये ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले. स्टीफन्स जेझुइट, केरी बाप्टिस्ट; एक दुसऱ्याच्या चर्चला धर्मभ्रष्ट समजला असता. परंतु चिकाटीचे जे दोन प्रकार संभवतात त्यांचे हे दोन नमुने आहेत. एकाने एका ठिकाणी विहीर खणली. दुसऱ्याने शेतभर चर काढले. स्टीफन्सचे काव्य आजही काव्य म्हणून वाचले जाते. केरीचे मराठी बायबल आज कोणी वाचत नाही. ही तुलना केरीवर अन्याय करणारी आहे खरी. त्याला काव्य लिहावयाचे नव्हते. जितक्या लोकांपर्यंत, जितक्या लवकर, जितका मजकूर पोहोचविता येईल तितका पोहोचवावयाचा होता. प्रश्न एवढाच की ‘साधने’ वापरण्याच्या ज्या कर्तव्यभावनेने त्याला उठविले, तिनेच त्याला कोठे थांबावे हे कळू दिले नाही. यत्न हेच कर्तव्य म्हटल्यावर अधिक यत्न हे अधिक कर्तव्य ठरते, आणि एकतीस भाषा झाल्या असताना बत्तिसावी सोडून देणे हे आळसासारखे वाटू लागते.

ही निष्ठा कसोटीस लागली ती ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी. छापखान्यास आग लागली. वॉर्ड आत होता. त्याने दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याचा यत्न केला, पण रात्री छप्पर कोसळले. कलकत्त्यास असलेल्या केरीला दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनने बातमी दिली. कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे, हस्तलिखिते असा सुमारे दहा हजार पौंडांचा ऐवज जळाला. पैशात न मोजता येणारे नुकसान त्याहून मोठे होते: तेलुगू व्याकरण, पंजाबी व्याकरणाचा मोठा भाग, कन्नड ‘नव्या करारा’चे हस्तलिखित, आणि संस्कृत व तदुद्भव भाषांचा तुलनात्मक महाकोश, ज्यासाठी केरीने अनेक वर्षे शब्द जमविले होते. यंत्रे दुसऱ्या खोलीत असल्याने वाचली, आणि राखेत पोलादी ठसे व मातृका सापडल्या. वितळलेल्या शिशातून पुन्हा खिळे ओतण्याचे काम लगोलग सुरू झाले, काही आठवड्यांतच छपाई चालू झाली, आणि इंग्लंडमध्ये बातमी पोहोचल्यावर सुमारे पन्नास दिवसांत संपूर्ण नुकसानभरपाईची रक्कम जमली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, अशा भावनेने केरीने भाषांतरे पुनश्च आरंभिली. महाकोश मात्र पुन्हा झाला नाही. भारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने पाहता, जळाले त्यातील सर्वांत मौल्यवान तेच होते. आणि केरीच्या दृष्टीने ते पहिल्याने हाती घेण्याजोगे नव्हते. त्याच्या पाचारणात भाषाशास्त्र साधन होते, साध्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, फ्रान्ट्स बॉपचा १८१६ चा ग्रंथ निघण्यापूर्वी, आधुनिक भारतीय भाषांचे शब्द ओळीने मांडणारा कोश अर्धामुर्धा सिद्ध होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निवडीची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आगीनंतरच्या वर्षांत श्रीरामपूरहून वैजनाथ पंडितांची मराठी गद्य पुस्तके निघाली: १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’, १८१५ मध्ये ‘हितोपदेश’, १८१६ मध्ये ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’. ह्यांतील शेवटचे रामराम बसू ह्यांच्या १८०१ च्या बंगाली ग्रंथाचे भाषांतर असून, तो मूळ ग्रंथ छापील बंगाली गद्याच्या अगदी आरंभी उभा आहे. म्हणजे बंगालचा एक जमीनदार-राजा, त्याचे चरित्र लिहिणारा केरीचा जुना मुनशी, ते मराठीत आणणारा नागपूरकडील ब्राह्मण, आणि ते मोडीत छापणारा इंग्रज मिशनरींचा छापखाना, असा हा योग आहे. ह्या पुस्तकांचा ख्रिस्ती धर्माशी काहीही संबंध नाही. ती विद्यार्थ्यांसाठी केली, ती अनुवादित आहेत, त्यांच्या शैलीवर बोट ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. तरी बखर आणि पत्रव्यवहार ह्यांच्या पलीकडे, अपरिचित वाचकासाठी सलग गद्य लिहिण्याचा हा यत्न आहे, आणि तो करणाऱ्याचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात केरीच्या नावाआड गेले आहे. वैजनाथ पंडितांनी हे श्रम पगारासाठी केले असे म्हणून ते निकालात काढता येणार नाहीत. केरीही महाविद्यालयात पगार घेतच होता. पाचारणाची भाषा त्यांना येत नव्हती, किंवा येत असल्यास त्यांनी ती कोठे लिहून ठेवली नाही, एवढाच दोघांतला फरक आहे. १८३१ मध्ये मोल्सवर्थने शास्त्रीमंडळाच्या साहाय्याने केलेला कोश निघाला आणि केरीचा कोश मागे पडला. मोल्सवर्थला महाराष्ट्रातील माणसांचे बोलणे कानी पडत होते, हा त्याचा लाभ.

केरीची उत्तरायुष्यातील वर्षे सुखाची नव्हती. इंग्लंडमधून आलेल्या तरुण मिशनऱ्यांशी आणि मूळ संस्थेशी मतभेद वाढत जाऊन १८२७ मध्ये श्रीरामपूर संस्थेपासून वेगळे झाले. १८२३ च्या पुरात हुगळीचे पाणी त्याच्या बागेवरून गेले आणि आयुष्यभर जमविलेली झाडे नष्ट झाली. ती त्याने पुन्हा लावली. ह्या बागेचा उल्लेख ओघाने आला तरी तो वगळण्यासारखा नाही. १८२० मध्ये त्याने कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापिली, आणि रॉक्सबर्गने ज्या वृक्षप्रजातीला त्याचे नाव दिले तिच्यातील एक वृक्ष सह्याद्रीच्या रानात ‘कुंभा’ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र न पाहिलेल्या ह्या माणसाचे नाव निदान वनस्पतिशास्त्राच्या वाटेने महाराष्ट्रात उभे आहे. १८३० मध्ये कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या, मिशनचा निधी त्यात गेला, फोर्ट विल्यममधील प्राध्यापकपदेही रद्द झाली. सत्तरी ओलांडलेला केरी बंगाली बायबलची मुद्रिते तपासत राहिला. शेवटची सुधारलेली आवृत्ती १८३२ मध्ये पुरी झाली; ९ जून १८३४ रोजी तो निवर्तला.

त्याच्या मागे छापखाना काही काळ चालू राहिला. चार्ल्स विल्किन्सने ज्याला बंगाली अक्षरे पोलादात कोरण्यास शिकविले तो पंचानन कर्मकार श्रीरामपूरच्या अगदी पहिल्या वर्षांत तेथे आला होता. थोड्याच वर्षांत तो वारला आणि त्याचा जावई मनोहर ह्याने ते काम हाती घेतले. देवनागरी, मोडी, ओडिया, चिनी अशा कितीतरी लिप्यांचे ठसे ह्या घरातून बाहेर पडले. केरीच्या सर्व भाषांतरांना अक्षररूप मिळाले ते ह्यांच्या हातांनी. सुमारे चाळीस वर्षे हे काम करूनही मनोहरने आपला धर्म सोडला नाही. १८३९ मध्ये श्रीरामपूरला गेलेल्या एका मिशनऱ्याला तो मांडी घालून बसलेला आणि बायबलसाठी ठसे कोरताना दिसला. त्याच्या डोक्यावर, भिंतीशी, त्याचा इष्टदेव मांडलेला होता.